विश्लेषण : निघण्याआधी गाडी ‘गरम’ करायची का? स्पोर्ट्स कारचा नियम झरी जामणीच्या पिकअपलाही का लागू होतो?

दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून गाडी तापवायची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या टर्बो इंजिनांना या सवयीचा फायदा नाही, उलट तोटा आहे. खरी काळजी घ्यायची ती पहिल्या काही किलोमीटरमध्ये.

डिसेंबरातली पहाट. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या झरी जामणी तालुक्यात पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला असतो. कापसाने भरलेली पिकअप वणीला किंवा पांढरकवड्याला निघायची असते. चावी फिरते, इंजिन घरघरते आणि ओट्यावर बसलेले म्हातारबुवा सांगतात, ‘‘पोरा, जरा गरम होऊ दे, मंग काढ.’’ गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवरच धूर सोडत उभी राहते. चालक तोवर चहा घेऊन येतो, गाडीत बसतो आणि उशीर झाला म्हणून पहिल्याच वळणानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो.

मुंबई-पुण्यात कोटी-दोन कोटींची स्पोर्ट्स कार घेणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो : सुरू केल्यावर किती वेळ थांबायचे? दोन्ही गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण प्रश्नाचे उत्तर जवळपास एकच आहे. ते समजून घेण्याची गरज मात्र पिकअपवाल्याला जास्त आहे. स्पोर्ट्स कारचे इंजिन बिघडले तर मालकाचा शौक थांबतो. पिकअपचे इंजिन बिघडले तर हप्ता थांबतो आणि हप्त्यामागे घर थांबते.

इंजिन ‘गार’ असते म्हणजे नेमके काय?

इंजिन नीट चालते ते साधारण ८५ ते १०० अंश सेल्सिअस तापमानाला. त्याच्या सुट्या भागांची मापे त्याच तापमानाचा विचार करून ठरवलेली असतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर तो लोखंडापेक्षा जास्त फुगतो. त्यामुळे गार असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात थोडी जास्त फट असते. तापमान वाढते तशी ती योग्य मापावर येते.

दुसरा मुद्दा ऑइलचा. डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. पहिला आकडा गारठ्यात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहते ते सांगतो. हेच ऑइल ४० अंशांना असते तेव्हा १०० अंशांच्या तुलनेत साधारण सहापट दाट असते. दहा अंशांना ते आणखी घट्ट होते. थंडीत गोठू लागलेले खोबरेल तेल बाटलीतून कसे सावकाश येते, ते आठवले तर चित्र स्पष्ट होईल.

तिसरा मुद्दा इंधनाचा. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून इंजिनाचा संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते.

म्हणजे इंजिन गार असताना त्याची झीज जास्त होते, हे म्हातारबुवांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. चूक आहे ती त्यावरच्या उपायात.

मग थांबून तापवण्यात चूक काय?

जागेवर उभ्या असलेल्या इंजिनावर भार नसतो. भार नाही म्हणून उष्णता कमी तयार होते आणि इंजिन फार सावकाश तापते. ज्या गार अवस्थेत झीज होते, ती अवस्थाच आपण लांबवतो. जास्तीचे पेट्रोल सिलिंडर धूत राहते ते वेगळेच. हीच गाडी हलक्या पायाने रस्त्यावर नेली तर इंजिन तुलनेने लवकर तापते.

शिवाय गाडी म्हणजे फक्त इंजिन नाही. गिअरबॉक्समधले तेल, चाकांची बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर यांतले काहीही जागेवर उभे राहून गरम होत नाही. अर्धा तास इंजिन चालू ठेवले तरी टायर गारच असतात.

अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे. बहुतेक उत्पादक साधारण ३० सेकंदांनंतर सावकाश निघण्याचा सल्ला देतात. जर्मनीने तर याचा कायदाच केला आहे. तिथल्या वाहतूक नियमावलीच्या ३०व्या कलमानुसार विनाकारण इंजिन चालू ठेवणे निषिद्ध आहे आणि थंडीत गाडी जागेवर तापवत ठेवणाऱ्याला दंड होऊ शकतो. पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज जिथे तयार होतात आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तो हा देश. तिथे जे लागत नाही, ते यवतमाळच्या दहा अंशांत लागण्याचे कारण उरत नाही.

ही सवय आली कुठून?

सवय निराधार नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, सुरुवातीची मारुती ८०० या सगळ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. कार्ब्युरेटरला बाहेर किती गारठा आहे हे कळत नसे. चालकाने चोक ओढायचा, इंजिन स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग चोक हळूहळू आत सारायचा. न थांबता निघाले की गाडी चौकात धक्के देत बंद पडायची. जुन्या डिझेल गाड्यांचीही तीच तऱ्हा होती.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागले आणि मोटारींत एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणारी यंत्रणा रुळली. सेन्सर हवेचे आणि पाण्याचे तापमान मोजतात आणि इंधन किती सोडायचे ते क्षणाक्षणाला ठरते. चोक गेला. बीएस-६ मध्ये तर मोटरसायकलींमध्येही इंधन इंजेक्शन आले. यंत्र बदलले, सल्ला मात्र वडिलांकडून मुलाकडे तसाच येत राहिला.

स्पोर्ट्स कारमध्ये वेगळे काय असते?

स्पोर्ट्स कारचे इंजिन जास्त फेऱ्यांवर पळते, जास्त ताकद काढते आणि त्यात ऑइलही जास्त असते. ऑइल जास्त म्हणजे ते तापायला वेळही जास्त. म्हणूनच या गाड्या बनवणारे चालकाला ‘थांब’ असे सांगत नाहीत. ते सांगतात, ‘निघ, पण अजून जोर लावू नकोस.’

याचे उत्तम उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचे. १९९८ मध्ये आलेल्या एम५ च्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीवर केशरी दिव्यांची एक रांग होती. इंजिन गार असताना वरच्या आकड्यांपुढचे दिवे पेटलेले असत. ऑइल तापत जाई तसा एकेक दिवा विझे आणि आणखी थोड्या फेऱ्यांची मुभा मिळे. आज किती जोर लावता येईल, हे चालकाला अंदाजाने ठरवावे लागत नसे.

जुन्या फेरारी चालवणाऱ्यांची एक ठरलेली सवय असे. गिअरबॉक्सचे तेल तापेपर्यंत दुसरा गिअर नीट पडत नसे, म्हणून ते पहिल्यावरून थेट तिसरा टाकत. फॉर्म्युला वनचे इंजिन हे दुसरे टोक. त्यातल्या फटी इतक्या बारीक असतात की आधी बाहेरून गरम पाणी आणि गरम ऑइल फिरवल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत. पण ती शर्यतीची गोष्ट झाली. रस्त्यावर चालणारी कोणतीही गाडी गार अवस्थेत सुरू होण्यासाठीच बनवलेली असते.

स्पोर्ट्स कार सुरू होताच मोठ्याने गुरगुरते, तो आवाजही दिखाव्यापुरता नसतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंशांच्या पुढे काम करू लागतो. तो लवकर तापावा म्हणून संगणक पहिला अर्धा-एक मिनिट फेऱ्या मुद्दाम वाढवतो. फेऱ्या खाली आल्या की निघावे, ही सोपी खूण. घरच्या साध्या पेट्रोल कारलाही ती लागू आहे.

याचा झरी जामणीशी काय संबंध?

संबंध आहे टर्बोचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टर्बो पेट्रोल म्हटले की परदेशी स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर यायची. आज रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह मिळते. चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात २०२० पासून एएमजीची जुळणी होते आणि तिच्या इंजिनाचे मूळ तत्त्व नेक्सॉनपेक्षा वेगळे नाही. बीएस-६ डिझेल पिकअप, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याकडे जाणारे ट्रक, वणीच्या कोळसा पट्ट्यातले टिप्पर यांतही टर्बो असतोच. स्पोर्ट्स कार गावात आली नाही, पण तिच्या इंजिनातला सर्वांत नाजूक भाग केव्हाच आला आहे.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा छोटा पंखा. मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या मारणे हे त्याचे रोजचे काम. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल पोहोचण्याआधी किंवा ते दाट असताना जोर लावला तर पहिला फटका या दांड्याला आणि त्याच्या बेअरिंगला बसतो.

झरीतून निघालेली गाडी पांढरकवड्याला पोहोचली की राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या या रस्त्यावर गाडी वेग घेतेच. तोवर गावच्या रस्त्यांवर इंजिन सावकाश तापलेले असते, हा झरीकरांचा नकळत होणारा फायदा. खरा धोका आहे तो महामार्गालगत, ढाब्यावर किंवा लॉजवर रात्री उभ्या केलेल्या गाडीला. सकाळी चावी फिरवली आणि दोन मिनिटांत शंभरचा वेग घेतला, तर दहा मिनिटे तापवूनही ऑइल पूर्ण तापलेले नसते.

इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या मागे राहते. काटा मधोमध आला तरी ऑइलला आणखी काही किलोमीटर लागतात. अनेक स्वस्त गाड्यांत तर काटाही नसतो, फक्त थर्मामीटरची निळी खूण असते. ती विझली म्हणजे कूलंट कामापुरते तापले, एवढाच तिचा अर्थ.

उन्हाळ्यात तरी सूट मिळते का?

यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा इंजिन तापलेलेच असते, असे अनेकांना वाटते. पण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तीस-बत्तीस अंशांवर असते आणि इंजिनाला हवे असतात नव्वदच्या आसपास. म्हणजे मे महिन्यातही इंजिन ‘गार’च सुरू होते. पहिले काही किलोमीटर सांभाळण्याचा नियम बारमाही आहे, हिवाळ्यात तो थोडा लांबतो इतकेच.

बीएस-६ डिझेलमध्ये वेगळा धोका कोणता?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी आली. काजळी तिच्यात अडकते आणि साठली की सुमारे ५५०-६०० अंशांना जाळून टाकली जाते. त्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटे धावावी लागते. जागेवर चालू ठेवलेले इंजिन काजळी तयार करते, पण ती जाळण्याइतकी उष्णता देत नाही.

रोज सकाळी दहा मिनिटे उभ्याने चालवायची, मग दोन किलोमीटरवरच्या शेतात न्यायची, पुन्हा उभी करायची, असा दिनक्रम असेल तर गाळणी तुंबते. डॅशबोर्डवर खूण पेटते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर इंजिन ताकद कमी करते आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. गाळणी बदलण्याची वेळ आली तर तो खर्च लहान शेतकऱ्याच्या हंगामाचे गणित बिघडवणारा असतो. इंजिनाच्या भल्यासाठी केलेली सवय असा उलटा घाव घालते.

खिशाचा हिशेब काय सांगतो?

साधी कार जागेवर उभी असताना तासाला ढोबळमानाने ०.८ लिटर इंधन पिते असे धरू. रोज दहा मिनिटे, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे सुमारे ४० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तरी ४,२०० रुपये झाले. एवढ्या पैशांत अनेक छोट्या गाड्यांचे ऑइल आणि फिल्टर बदलून होतात. इंजिनाचे आयुष्य वाढवायचे असेल तर वेळेवर बदललेले योग्य ग्रेडचे ऑइल जास्त उपयोगी पडते.

पैशापलीकडेही एक धोका आहे आणि त्याची किंमत मोजता येत नाही. थंडीत गाडी शेडमध्ये, दार लावून सुरू ठेवली जाते. गार इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, कारण कन्व्हर्टर अजून काम करत नसतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. बंदिस्त जागेत गाडी तापवणे कोणत्याही इंजिनासाठी, कोणत्याही ऋतूत समर्थनीय नाही.

मग अजिबात थांबायचेच नाही का?

दुसरी बाजूही आहे. ‘नव्या गाडीला काही लागत नाही’ म्हणून चावी फिरवताच सुसाट निघणारेही कमी नाहीत आणि त्यांची चूक म्हातारबुवांच्या चुकीपेक्षा मोठी आहे. ऑइलचा दाब तयार व्हायला काही सेकंद लागतात. रात्रभर किंवा आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीला २०-३० सेकंद द्यायलाच हवेत. सीट बेल्ट लावणे, आरसे नीट करणे एवढ्यात तो वेळ जातो. काचेवर दव असेल तर ते पुसेपर्यंत थांबणे सुरक्षेसाठी गरजेचेच आहे.

अपवादही आहेत. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटरसायकलला चोक लावून मिनिटभर द्यावा लागतो. ट्रॅक्टर सुरू करून लगेच नांगराला जुंपला जातो, त्याला पहिले हलके किलोमीटर मिळतच नाहीत. म्हणून त्याला दोन-तीन मिनिटे देणे आणि शेतापर्यंत सावकाश नेणे योग्य.

नेमके काय करावे?

• डिझेल गाडीत आधी हीटरची, म्हणजे कॉइलची खूण विझू द्यावी, मग सुरू करावी.

• सुरू झाल्यावर २०-३० सेकंद थांबावे. कडक थंडीत फार तर एक मिनिट. फेऱ्या खाली आल्या की निघावे.

• जागेवर उभे असताना रेस देऊ नये. गार इंजिनावर याहून मोठा अत्याचार नाही.

• पहिले पाच ते दहा किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या आत ठेवावा. पेट्रोलमध्ये साधारण ३,००० आणि डिझेलमध्ये २,५०० फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये.

• फेऱ्या फार कमी ठेवून वरच्या गिअरमध्ये इंजिनाला ओढायलाही लावू नये. माल भरलेला असेल तर खालचा गिअर वापरावा.

• काटा मध्यावर आल्यानंतरही काही किलोमीटर धीर धरावा.

• लांबच्या, जोराच्या प्रवासानंतर टर्बो गाडी लगेच बंद करू नये. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवावी किंवा अर्धा-एक मिनिट उभी ठेवून मग चावी काढावी. तापलेल्या टर्बोत थांबलेले ऑइल करपते.

• ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच घालावे.

माहिती कुणाच्या हाती?

हे सगळे उत्पादकांना माहीत आहे. बहुतेक गोष्टी गाडीसोबतच्या पुस्तिकेत या ना त्या शब्दांत असतातही. पण ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही आणि निघाली तरी तिची भाषा पिकअप चालवणाऱ्याची नसते. कोटींची गाडी घेणाऱ्याला ऑइल किती तापले हे दिव्यांनी सांगितले जाते. कर्ज काढून आठ-दहा लाखांची गाडी घेणाऱ्याला निळी खूण मिळते आणि तिचा अर्थ कुणी सांगत नाही. बहुतेक आधुनिक इंजिनांत तापमानाचे सेन्सर असतातच. ‘इंजिन अजून गार आहे, हळू चालवा’ एवढे मराठीत पडद्यावर दाखवणे अवघड नाही. गाडीची चावी हातात देताना विक्रेत्याने नारळ-हाराबरोबर पाच मिनिटे हे सांगण्यासाठी काढणे तर त्याहून सोपे आहे.

तोवर म्हातारबुवांचे ऐकायचेच, पण थोडे बदलून. यंत्राला एकदम जुंपू नये, आधी त्याला सावरू द्यावे, हे शहाणपण बैलजोडी हाकणाऱ्या पिढीकडून आले आहे आणि ते आजही खरे आहे. चांगला गाडीवान बैलांना गोठ्यात उभे ठेवून गरम करत नसे. तो त्यांना गावाच्या वेशीपर्यंत सावकाश चालवत नेई आणि चढ त्यानंतर घेई. टर्बो लावलेल्या पिकअपलाही वेशीपर्यंतची तेवढीच सवलत हवी आहे.